सोमवार पोन

लासेम, जावा, ९ मार्च २०१९

प्रिय विजीताई,

तू खुशाल असशील. आम्हीही बऱ्या आहोत, असंच लिहिणार होते.

तू विचारलंस, आईचं विसरणं पाळी थांबल्यामुळे आहे की आणखी कशामुळे? मला सांगता येत नाही. घरातली पहिली पदवीधर मी, याच विषयाच्या पाहणीत काम करते, तरीही नाही. फोनवर आई शेजारीच बसते, म्हणून हे पत्र.

रजोनिवृत्तीच्या वयातल्या बायकांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता आम्ही मोजतो. दहा शब्द ऐकवायचे, मध्ये आकडे उलटे म्हणायला लावायचे, मग तेच शब्द पुन्हा विचारायचे. तीस गुण. चोविसाच्या खाली गेलं तर जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे पाठवायचं.

सोमवारी आई आली. तिची चाचणी मी घ्यायला नको होती, पण ती दुसऱ्या कुणासमोर बसेना. "चुकले तर छडी मारणार का, बाई?" म्हणाली. रांगेतल्या बायका हसल्या.

सहा शब्द आठवले. सातव्यासाठी ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी मान खाली घातली. एकूण चोवीस.

वार विचारला तेव्हा म्हणाली, "सोमवार क्लिवोन." छापील कागदाला फक्त सोमवार हवा होता, क्लिवोन, पोन अशा आपल्या जावातल्या बाजाराच्या पाच वारांना तिथे जागाच नाही. गुण मिळाला.

ताई, त्या दिवशी पोन होता. सोमवार पोन, आईचा जन्मवार. सात वार आणि हे पाच वार जुळून दर पस्तीस दिवसांनी येणारा तो उपास तिने तापातसुद्धा मोडला नव्हता. त्या सकाळी ती माझ्यासमोर पोटभर भात जेवली होती. मला वाटलं, चाचणीसाठी मुद्दाम जेवतेय.

घरी आल्यावर तिला खरा वार सांगितला. तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून वार पाहिला.

"हे कागदावर आहे?"

"नाही."

"मग झालं तर. चोवीस म्हणजे पास ना?"

"पास-नापास नसतं त्यात, आई."

"तुझ्याकडे नसेल. कारखान्यातल्या मालकीणबाईंकडे असतं. डोक्याच्या डॉक्टरकडे गेले असं कळलं की माझी बाटिकची मेणाची लेखणी काढून घेतील आणि पोरींमध्ये ठिपके भरायला बसवतील. तीस वर्षं त्या कापडांवरच्या पक्ष्यांचे डोळे मी काढते. तू शिकलीस ती आईची चुगली करायला?"

तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. कागद माझ्या पिशवीत होता. नियमाप्रमाणे त्यात एकही चूक नव्हती. पुष्कळ जणींचं हे विसरणं पुढे निवळतं, असं आमच्या मुख्य बाई म्हणतात. आईचंही निवळेल. पण तसं डॉक्टरांनी तपासून सांगावं. मी आशेवर सही करू नये.

काल सकाळी तिला म्हणाले, "आज लिहून देणार आहे."

"नको देऊस," एवढंच म्हणाली आणि माझा डबा भरून ठेवला.

शेऱ्याच्या जागी मी वार, उपास, भात, सगळं लिहिलं. चाचणी तिच्या मुलीनेच घेतली, हेही लिहिलं. जिल्ह्याच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ मिळाली आहे. जायचं की नाही, ते आईच्या हातात.

तुझा फोन आला की ती माझी तक्रार करील. ती करील ते खरंच असेल. कागद मी काल दिला.

तुम्हा दोघींची,
रत्री