पोस्टरांचे ठसे कोणाच्या हाती जावेत याविषयी

मी, बनुबाई रंगनाथ कोळसे, वय वर्षे चौसष्ट, धंदा चित्रकला शिक्षिका (काढून टाकलेली), राहणार कोळसे वस्ती, देवळाली प्रवरेजवळ, तालुका राहुरी, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीचे दुखणे आहे. डोके शाबूत आहे. मला कोणाचा धाक नाही. ज्यांनी घालून पाहिला, त्यांचे खाली येईलच.

१. पतीच्या पश्चात वाटणीत मिळालेले दोन खोल्यांचे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. धाकटे दीर काकासाहेब यांना त्यातला कोनाडाही मिळू नये. कारण असे. त्यांच्या मळ्यात दर हंगामाला पाथर्डीकडून ऊसतोडीची टोळी उतरते. मळ्यात विहीर असताना टोळीतल्या बायका कालव्याचे गढूळ पाणी भरत. मी सागवानी फळीवर 'पा'चा ठसा कोरला, शेजारी रिकामा हंडा, खाली 'पाणी'. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर छापून टोळी राहते त्या पाचटाच्या कोप्यांवर खळीने चिकटवला. बायका अक्षर गिरवू लागल्या आणि पाणी मागू लागल्या.

काकासाहेबांनी पोस्टरे फाडली. म्हणाले, "वहिनी, टोळी निघून गेली तर ऊस काय तुमची चित्रं तोडणार?"

मी म्हणाले, "फाडा. ठसा माझ्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी बायकांनी कोयते खाली ठेवले आणि ताजी पोस्टरे हातात धरून बांधावर बसल्या. संध्याकाळी विहिरीचा पाइप टोळीच्या तळावर आला. दिरांनी माझ्याशी बोलणे टाकले, ते आजतागायत. मला त्याचे सुतक नाही.

२. सदर घरात हंगामभर टोळीच्या मुलांची शाळा भरावी. भिंती खराब होतील, होऊ द्याव्यात.

३. ज्या खाजगी शाळेने "चित्रकला शिकवा, चळवळ नको" म्हणून मला घरी बसवले, त्या शाळेने माझी शोकसभा घेऊ नये. मुलांना अक्षर शिकवायचे आणि अर्थ लपवायचा, हे मला जमले नाही. जमवायचेही नव्हते.

४. कोरण्या, रूळ, शाईचे डबे आणि सर्व ठसे टोळीतल्या साळूबाई यांना द्यावेत. त्या माझ्याकडे कोरायला शिकल्या आणि आता माझ्याहून साफ कोरतात.

५. 'द' या ठशाबद्दल वेगळे लिहिते. गेल्या हंगामात साळूबाईंची लेक भीमा बाळंतपणात अडली. जवळ दवाखाना नव्हता. बैलगाडीतून नेताना वाटेतच ती गेली, मूलही गेले. मी चित्र काढायला बसले तेव्हा साळूबाई शेजारी येऊन बसल्या.

"बाई, तिचं त्वांड काढू नका. निस्ता हात काढा, गाडीभाईर लोंबलेला. बांगड्यांवरनं मला वळखू येतोय."

तसाच काढला. खाली लिहिले, 'दवाखाना'. हा ठसा विकू नये, कोणत्याही प्रदर्शनात ठेवू नये. तळावर दवाखाना उघडेपर्यंत दर हंगामाला छापावा आणि मळेवाल्यांच्या, पुढाऱ्यांच्या दारावर लावावा. उघडल्यावर काय करायचे, हे मी साळूबाईंनाच विचारले.

त्या म्हणाल्या, "मग त्याच्याच दारावर लावीन. आत जाणाऱ्या परत्येकीला कळू द्या, ह्यो कुनी फुकट दिल्याला न्हाई."

त्यांच्या या म्हणण्याला माझी शेवटची इच्छा समजावे.

ठिकाण : कोळसे वस्ती
दिनांक : ११ फेब्रुवारी १९७३

सही : बनुबाई रंगनाथ कोळसे

आमच्यादेखत सही केली, साक्षीदार :
१. गहिनीनाथ सुतार, ठशांच्या फळ्या यांनीच तासून दिल्या
२. झुंबरबाई कोळसे, काकासाहेबांच्या पत्नी, राजीखुशीने