सावली नसलेलं जोडपं

रत्नागिरी,
३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप गंगाराम काकांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून पत्र. तुम्ही ठसे कोरून, उठवून, हाताने रंगवलेल्या लग्नाच्या दीडशे पत्रिका पोचल्या. माडांची सावली बघून बाबा म्हणाले, इथे बसून पेज प्यावीशी वाटते.

पण विनीतच्या आई, माझ्या होणाऱ्या सासूबाई सावित्रीबाई, चष्मा लावून बसल्या. माडाला सावली, घराला सावली, खळ्यातल्या कोंबडीलासुद्धा सावली. फक्त आम्हा नवरानवरीला नाही. कोकणात सावली कोणाला नसते, ते तुम्हाला काय सांगू? भुतांचं लग्न आहे म्हणून वाटू का, असं विचारत होत्या. रविवारपर्यंत दुरुस्त झाल्या नाहीत, तर छापखान्यात दुसऱ्या टाकणार आहेत. मला तुमच्याच हव्यात, काका. सगळ्या परत पाठवतेय.

आत्ता लावता तेवढाच जीव लग्नानंतरही लावा.
तुमची अक्षया

मालगुंड,
६ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षया हिस अनेक आशीर्वाद.

चूक माझी नाही, तुझी आहे. आधी तीन स्थळं तू मोडलीस. म्हणून मी नुसता देखावा रंगवून ठेवला आणि जोडप्याचा ठसा तुझा होकार आल्यावर उठवला. तोवर सावल्यांचं काम उरकलं होतं.

तरी तुझ्या सासूबाईंची नजर तयार आहे, हे कबूल. चित्रात ऊन उजवीकडून येतं, म्हणून सकाळी मथुरेला घेऊन खळ्यात उभा राहिलो. बघतो तर सावल्या दोन नाहीतच. तिची माझ्यावर, माझी पुढे, जमिनीवर मिळून एकच लांब. तशीच रंगवली, पायाशी गडद, पुढे पाण्याने फिकी. आता कोणी खोट काढली तर मी लग्नाला येणार नाही. येईन म्हणा.

शब्द कडक, पण माया जुनीच समज.
गंगाराम काका

ता. क. अक्षया गो, मी मथुराकाकू. चाळीस वर्षं हा माणूस माझ्या दहा पावलं पुढे चालतो. तुझ्या पत्रिकांपायी पाऊण तास शेजारी उभा राहिला. आणखी दीडशे लागल्या तर कळव.

रत्नागिरी,
१० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मथुराकाकूस, शि. सा. न.

दोघांत सावली एकच का, असं सावित्रीबाईंनी विचारलंच. मी तुमचा ता. क. वाचून दाखवला. विनीत सांगत होता, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या त्याच्या बाबांना गच्चीत उन्हात घेऊन गेल्या. ते कशाला, कशाला म्हणत होते, आणि या म्हणत होत्या, गप्प उभे राहा.

मग पत्रिका वाटायला दोघं निघाली. विनीत म्हणाला, आईबाबांना रस्त्याने शेजारी शेजारी चालताना त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

माझ्यावर लोभ असू द्या, पण हे काकांना वाचून दाखवू नका, फार फुशारतील.
तुमची अक्षया