तिसऱ्या मुठीचे गहू

कोरीट, १८ जुलै

चि. सौ. रोहिणीस प्रमिलावहिनीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून हसशील. पण मी फोनवर बोलले की तुझी आई ओट्यावरून कान लावते, म्हणून हा गुप्त पत्रव्यवहार. नवनीत ज्या परदेशी बंदरात क्रेन चालवतो, तिथे परवा बॉम्ब पडले. एका बड्या देशाची विमानं त्या देशाला शांतता द्यायला आली होती म्हणे. तेव्हापासून माझ्या मुलाचा फोन बंद आहे. दिल्लीच्या मदत क्रमांकावरची मुलगी गोड आवाजात सांगते की सरकार लक्ष ठेवून आहे, अधिक माहिती देता येत नाही.

आईंना यातलं काही कळता कामा नये, त्यांना सोसणार नाही. मी केबल काढली आणि माकडांवर आळ घातला. तुझ्या दादांना पेपरमधलं फक्त हवामान आणि मिरचीचे भाव मोठ्याने वाचायची परवानगी आहे. शेजारच्या इंद्रसिंगला बजावलं की आमच्या घरात नवनीतचं नाव काढायचं नाही. चौकशा नकोत म्हणून माझ्या आणि तुझ्या दादांच्या फोनवर अनोळखी नंबर बंद केले. सरकार जनतेला उत्तर देणं लागतं, असं मी जन्मभर वर्गात शिकवलं. आता माझ्या राज्यात एकच नागरिक आहे आणि तिलाही मी उत्तर देत नाही.

तूही तोंड सांभाळ. लोभ आहेच, तो उघड करायला हरकत नाही.

तुझी वहिनी,
प्रमिला


धानोरा, २३ जुलै

ती. प्रमिलावहिनींस रोहिणीचा सा. न. वि. वि.

मी इथल्या पुढाऱ्यांकडे जाऊन आले. हा दोन देशांमधला नाजूक विषय आहे, म्हणाले. पण बॅनरसाठी नवनीतचा फोटो मात्र मागितला. आम्हाला पोरगा हवाय, बॅनर नको, असं सांगून निघाले.

आईचा फोन होता. म्हणे, तुन्ही वहिनी भाजीमा दोनदा मीठ टाकी ऱ्हायनी, तिले काय व्हयनं? मी पित्तावर ढकललं. वहिनी, सांगून टाका तिला. तुमच्या राज्यात जनता ठणठणीत आहे, सरकारच खंगत चाललंय.

थट्टेचा राग नसावा, माया असावी.

रोहिणी


कोरीट, २ ऑगस्ट

चि. सौ. रोहिणीस आशीर्वाद, आणि सोबत माझा राजीनामा.

आधी महत्त्वाचं. नवनीत जिवंत आहे. हात भाजलाय, बरा होतोय.

काल आईंनी कानबाईदेवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढायला घेतले, घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. एक दादांची, एक नवनीतची. मग त्यांनी तिसऱ्यांदा हात घातला. मी लगेच शाळेतल्या बाईंच्या आवाजात चूक दाखवली की घरात पुरुष दोनच आहेत. त्या शांतपणे म्हणाल्या, ही त्या पोऱ्यानी शे, आपला नवनीतले आगमाईन ओढी काढं आनि सोता मधमाच ऱ्हाई गया.

नवनीतला आगीतून बाहेर काढणारा मुलगा स्वतः आतच गेला, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

नवनीत दवाखान्यातून, कुणाकुणाच्या फोनवरून आम्हालाच फोन करत होता. माझ्या बंदोबस्तापुढे त्याचं काही चाललं नाही. शेवटी त्याने इंद्रसिंगला गाठलं. इंद्रसिंगने माझा हुकूम पाळला. आमच्या घरात नाव काढलं नाही, आईंना आपल्या अंगणात बोलावून सांगितलं. आईंना वाटलं, मला आधीच ठाऊक असणार आणि मी नवनीतचा भाजलेला हात त्यांच्यापासून लपवतेय. सून इतली मेहनत करी लपाडी ऱ्हायनी, मग तिले कसाले दुखाडानं, म्हणून त्या गप्प. आठवडाभर इथे न कळलेले फक्त तुझे दादा आणि मी होतो, पोराचे आईबाप.

रोट भावकीबाहेर देत नाहीत, हा नियम जिभेवर आला होता, तो गिळला. तो मुलगा कोणत्या देशाचा, कोणत्या धर्माचा, आईंनी विचारलंच नाही. त्याच्या आईला कुणी काय सांगितलं असेल, हे मात्र मनातून जात नाही.

आज दिल्लीहून निरोप आला की आमच्या प्रकरणाची दखल घेतली गेली आहे. केबल जोडली. माकडांची निर्दोष सुटका केली.

हे पत्र इंद्रसिंगच्या हाती पाठवतेय, उद्या कानबाईच्या दर्शनाला ये. तिसऱ्या मुठीचा रोट कोणी खायचा, असं मी आईंना विचारलं. म्हणाल्या, तूच खाय, तुन्हा पोऱ्या वाचाडा ना त्यानी.

लोभ असू दे, माझ्या कारभारावर नजरही असू दे.

तुझी पायउतार झालेली वहिनी,
प्रमिला