दोघींच्या खेळात बदली नाही

६ ऑक्टोबर
स्पर्धेला मुलींबरोबर बाई हव्यात, म्हणून माझं नाव घातलं. मी मराठी शिकवते. खेळ बीच व्हॉलीबॉल. शेवगावात! समुद्र मी दोनदा पाहिलाय, मुलींनी एकदाही नाही. खेळाच्या सरांनी लांब उडीचा खड्डा वाढवत वाढवत त्याचं मैदान केलंय. नववीतल्या सारिका आणि ज्योती. एवढ्या मोठ्या वाळूत एका बाजूला दोघीच.
सारिका म्हणाली, "समुद्र नसला तरी चालतंय बाई. वाळू लागती."

९ ऑक्टोबर
नियम शिकतेय. तीन स्पर्शांत चेंडू पलीकडे. एकीने सलग दोनदा मारायचा नाही. जाळीपाशी अडवताना बोट लागलं तरी एक स्पर्श गेला. उघड्या बोटांनी हळूच पलीकडे टाकलेला चालत नाही. एकवीसचा सेट, दोनची आघाडी. एकेक सेट झाला तर तिसरा पंधराचा.
पण मन अडकलं ते दुसऱ्याच नियमात. दर सात गुणांनी बाजू बदलायची. का, तर ऊन आणि वारा एकाच संघाच्या डोळ्यांत जाऊ नये. कोणाला सुचलं असेल हे? उन्हाचीही वाटणी. घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

१३ ऑक्टोबर
सामना सुरू झाला की सरांनीही बोलायचं नाही. सर्व्हिसआधी पुढची पोरगी पाठीमागे हात नेऊन बोटं दाखवते, मागचीला कळतं. मी त्या बोटांकडेच बघत राहिले.
"दोन बोटं म्हणजे काय गं?"
ज्योती हसली. "नको बाई, तुम्ही पलीकडच्यांना सांगाल."
बदली खेळाडू नाही. एक थांबली की दोघी बाद.
"कोयत्यावानी," सारिका म्हणाली. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा.

१६ ऑक्टोबर
सारिका आली नाही. आईची कंबर धरलीय, वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. दिवाळीनंतर वडिलांबरोबर, म्हणजे आबांबरोबर, सारिका जाणार, आईच्या जागी. ट्रक नेमका नगरच्या सामन्याच्या सकाळी.
ज्योती एकटीच चेंडू उडवत होती. पुन्हा पुन्हा तीच. नियमात बसत नाही, पण हटकणार कोण.

१७ ऑक्टोबर
सारिकाच्या घरी गेले. आई खाटेवर. आबांना म्हटलं, एकदा बघायला तरी या.
"त्यात काय बघायचं बाई? घरी काय कमी उड्या मारती व्हय?"
"जा की," आतून आई. "उड्या फुकट हायेत."
"उद्या येतो," आबा म्हणाले.

१८ ऑक्टोबर
आज सारिका आली. आबा वाळूच्या कडेला. सारिकाला माहीत होतं, एकदाही तिकडे बघितलं नाही. पाय घोट्यापर्यंत रुतलेले, आणि त्यातून ती अशी वर उठते...
बोटांची खूण आबांनी माझ्याआधी टिपली. "आमी बी मोळी बांधताना बोलत न्हाई. हिच्या आईला नुसतं कळतं."
थोड्या वेळाने, "आन हिच्या जागी दुसरी उभी केली तर?"
"चालत नाही, भाऊ."
आबा वाळूकडे बघत म्हणाले, "आमच्यात चालवून घेत्यात."
निघताना म्हणाले, "धाकट्या भावाला इचारतो, येतो का संगं. इचारतो म्हनलोय बाई, हो न्हाई म्हनलो."

२८ ऑक्टोबर
दिवाळी झाली. सारिकाच्या घरचा फोन लागत नाही. सर म्हणाले, फॉर्म रद्द करू का? मी नको म्हटलं. उद्या सकाळची नगरची बस तिच्या गावच्या फाट्यावरूनच जाते. ऊसतोडीचा ट्रकही तिथेच भरतो.

२९ ऑक्टोबर, बसमध्ये
ज्योतीने शेजारच्या सीटवर बॅग ठेवलीय. कंडक्टर, "ताई, बॅग मांडीवर घ्या."
"माणूस यायचंय."
"कुठून?"
"फाट्यावरून."
त्याने आमच्याकडे पाहिलं, पुढे गेला.
फाटा दिसतोय. ट्रक उभा. भांडी, गाठोडी, माणसं चढतायत. आबा वर उभे, कोणाला तरी हात देऊन ओढून घेतायत. कोणाला, ते ट्रकच्या आड. धाकटा भाऊ, की...
ज्योतीने हात खिडकीबाहेर काढलाय. दोन बोटं.
कंडक्टरने घंटी दिली. एकच. बस थांबतेय.