मावशीच्या मुक्कामाबद्दल

ती. ताईस,

उभ्या उभ्या नमस्कार. नीट बसून, वाकून करायला हवा होता, पण गेले तीन दिवस मला बसता येत नाही (हे पत्रही कपाटावर कागद ठेवून लिहितोय, म्हणून अक्षर असं). तुझा खोकला कसा आहे? औषध घेतेस, की बाटली नुसतीच उशाशी ठेवतेस? इकडे सगळे मजेत. म्हणजे बायको मजेत आहे, मुलगी मजेत आहे, आणि माझं सांगायलाच हे पत्र.

घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर मी घरातली घड्याळं उघडायला लागलो, हे तुला ठाऊक आहे. त्यातलं एकही बिघडलेलं नव्हतं असं बायकोचं म्हणणं (आता दोन बिघडलेली आहेत). शेवटी तिने कॉलेजातल्या उद्योजकतेच्या अभ्यासक्रमाचा फॉर्म आणून माझ्यापुढे ठेवला. वयाची अट नाही, ही ओळ तिने आधीच लाल पेनने अधोरेखित केली होती. आमचे सर तिशीतले, उत्साही. त्यांनी स्वतः कधी कुठला धंदा केलेला नाही, पण फळ्यावर बाण फार सुंदर काढतात. पहिल्याच महिन्यात त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. कॉलेजचा एकेक विभाग एकेकाने घ्यायचा आणि तो स्वतःच्या पायावर कसा उभा राहील याची योजना लिहायची. कुणाला कँटीन निघालं, कुणाला छापखाना. मला निघाला ‘घोड्यांची निगा आणि स्वारी’. असा विभाग आहे हेच मला माहीत नव्हतं. मागून जो वास यायचा तो रसायनशास्त्राचा, असं मी धरून चाललो होतो.

योजना आठ दिवसांत द्यायची होती, म्हणून तबेला न बघताच मी ती लिहिली. त्यात एक वाक्य सरांच्या टिपणातून उचललं होतं: ‘अनुत्पादक घटक तातडीने कमी करावेत.’ माझ्या डोळ्यांपुढे एखादी मोडकी ढकलगाडी वगैरे होती. सरांनी ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं आणि योजना प्राचार्यांकडे पाठवली. शाळेत असताना माझं काही कधी वर्गात वाचून दाखवलं गेलं नव्हतं, ताई. मी घरी चालत गेलो ते जरा छाती काढूनच.

मग प्रात्यक्षिकासाठी तबेल्यात गेलो. तिथल्या शिक्षिकेला सगळे उस्तादबाई म्हणतात. बाई कमी बोलतात. त्यांनी माझ्या हातात फावडं दिलं, दुसऱ्या आठवड्यात खराऱ्याचा ब्रश दिला, आणि शेवटच्या खणातली एक म्हातारी करडी घोडी माझ्याकडे सोपवली. तिला पोरं मावशी म्हणतात. उजव्या डोळ्याने तिला दिसत नाही, आणि तेव्हा ती पुढच्या पायाने लंगडत होती. वय झालं, असं सगळे म्हणत. मी आपला सवयीने डोळ्याला भिंग लावून खूर तपासला (दोन पोरं हसली). फटीत मुगाएवढा खडा रुतलेला होता. चिमट्याने काढला. मावशीने पाय टेकवला, दोन पावलं टाकून बघितली आणि मग आपलं तोंड माझ्या खांद्यावर ठेवून दिलं. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं चालू करून दिली, पण असं कुणी केलं नव्हतं.

दोन महिन्यांनी तबेल्याच्या दारावर नोटीस लागली. अनुत्पादक घटक म्हणून मावशीला महिनाअखेर हलवणार. खाली संदर्भ म्हणून माझ्या योजनेचा पान क्रमांक. मी ती तीनदा वाचली. मागे उस्तादबाई उभ्या होत्या.

“वाक्य तुमचंच ना?” त्या म्हणाल्या. “मग तुम्हीच खोडा.”

म्हणून मी प्राचार्यांना अर्ज केला, की भित्र्या माणसाला शिकवायला मावशीइतकं योग्य जनावर नाही, आणि हे मी सिद्ध करून दाखवीन. भित्रा माणूस शोधावा लागला नाही. परवाच्या सोमवारी प्राचार्य, सर आणि हेडक्लार्क खुर्च्या टाकून बसले आणि मी वर चढलो. आंधळ्या बाजूने ती दचकू नये म्हणून स्वाराने सतत बोलत राहायचं, असा बाईंचा नियम. पण तिथून जमीन इतकी खाली दिसत होती, की बोलायला काही सुचेना. पाठ होती ती फक्त माझी योजना. मी तीच म्हणायला लागलो. अर्धी फेरी मावशी छान चालली. ‘बाजारपेठेचा आढावा’ सुरू झाला तशी तिची मान खाली गेली, आणि ती उभ्या उभ्या झोपली. मला उतरता येत नव्हतं आणि तिला उठवायचा धीर होत नव्हता. पाऊण तास मी वर. प्राचार्यांनी शेरा लिहिला: ‘घोडी दचकत नाही, हे मान्य. चालत नाही, हेही मान्य.’

निर्णय बदलला नाही. फक्त एवढीच सवलत मिळाली, की मोकळी जागा असलेल्या जबाबदार माणसाने लेखी मागितल्यास मावशी त्याच्याकडे देता येईल. तो फॉर्म मी तिथल्या तिथे उभ्याने भरला. वाक्य खोडता आलं नाही, ताई, पण त्याच्याखाली सही तरी केली.

बाकी क्षेम. प्रकृतीला जप.

तुझा (आजवर तरी आज्ञाधारक)
धाकटा भाऊ

ता. क. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, हे तू जाणतेसच. म्हणून फॉर्ममध्ये जागेच्या रकान्यात तुझा पत्ता लिहिला. भाऊजी गेल्यापासून मागचं आवार रिकामंच आहे, आणि दिवसभर तुझ्याशी बोलायला कुणी नसतं. मावशीला बोलणं ऐकायला आवडतं. विषय कुठलाही चालतो, फक्त बाजारपेठ टाळ.

ता. क. २. सवडीने विचार करून कळव, असं लिहिणार होतो. पण हे पत्र ज्याने तुझ्या हातात दिलं तो पोस्टमन नाही, ट्रकचा ड्रायव्हर आहे. नाही म्हणायच्या आधी एकदा बाहेर येऊन बघ.