उपडी गाडी

बारामती,
ता. १४ नोव्हेंबर १९५६

ती. सौ. अक्कास,
महिपतीचा शि. सा. न. वि. वि.

सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत असे लिहिणार होतो, पण ते खोटे होईल. रतनला जाऊन तीन महिने झाले. तेव्हापासून चि. विजू एक शब्द बोललेली नाही. चार वर्षांची पोर. आई भिगवणला माहेरी गेली आहे, असेच आम्ही तिला सांगितले आहे.

मी तिला ज्वारीच्या धाटांची बैलगाडी करून दिली. ती चिंधीची बाहुली गाडीत निजवते, गाडी उंबऱ्यापर्यंत नेते आणि तिथे उपडी करते. मी गाडी सरळ करतो, चाक बसवतो, बाहुली झटकून देतो. ती पुन्हा उपडी करते. काल अकरा वेळा. रतनला दवाखान्यात गाडीतूनच नेले होते, ते तिने पाहिले आहे. हा अपशकुनी खेळ बंद करू का?

आपली आई म्हणते, की पोरीला बाहेरचं झालंय, दोन तारखेच्या अमावास्येला देवऋषाकडं न्यायचीच. तो जिभेला डाग देतो. त्याची तापलेली सुई सारखी माझ्या डोळ्यांपुढे येते. तुम्ही बालवाडी चालवता, तुम्हीच सांगा. लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर यावे.

आपला,
महिपती

इंदापूर,
ता. १९ नोव्हेंबर १९५६

चि. महिपतीस रंगूअक्काचे अनेक आशीर्वाद.

खेळ बंद करू नकोस, आणि गाडीही सरळ करू नकोस. लहानपणी एक अक्षर वाकडं आलं की तू सगळी पाटी पुसायचास. तीच खोड पोरीच्या खेळात घुसवलीस. अरे, मोठ्यांना गाऱ्हाणं सांगायला तोंड असतं, लेकरं हातांनी सांगतात. ती सांगतेय आणि तू पुसतोयस.

आमच्या बालवाडीत घर जळालेला भीमा नावाचा पोरगा आला, तो रोज खापराची चूल मांडून मातीनं विझवायचा. मी नुसती शेजारी बसायची. दीड महिन्यानं त्यानं त्याच चुलीवर मातीची भाकरी थापली, आणि पहिली मला वाढली.

तू जमिनीवर बस. शिकवू नकोस, ती सांगेल ते कर. तिनं विचारलंच, तर भिगवणचं सांगू नकोस. आईला सांग, पोरीला डाग दिला तर रंगू त्या दारात पाय ठेवणार नाही. वेळेवर जेवत जा. माया आहेच.

तुझी अक्का

बारामती,
ता. २ डिसेंबर १९५६

ती. सौ. अक्कास शि. सा. न.

तुमचा निरोप ऐकून आई म्हणाली, की शिकलेली लेक म्हणजे घरात फौजदार. तरी तिने आजपर्यंत मुदत दिली. इतके दिवस मी नुसता बसलो. हात शिवशिवत, ते मांडीखाली दाबून धरले. विजूने मला बैल केले, बैल झालो.

आज सकाळी आई नवे लुगडे नेसून, देवऋषाचा नारळ घेऊन दारात उभी राहिली. विजूने गाडी उपडी केली. मी हललो नाही. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग तिने विचारले, की आईला कुठं ठिवलं. अक्का, आवाज घोगरा झाला आहे तिचा.

भिगवण ओठांवर आले होते. मी सांगितले, की आई मेली, तिला कऱ्हेकाठी जाळली, ती आता येणार नाही. विजू म्हणाली, की आज्जी तर म्हणली गाडीनं येनार हाय. मी म्हणालो, की आम्ही खोटे बोललो.

तिने बाहुली माझ्या मांडीवर निजवली, माझ्या धोतराच्या सोग्याने झाकली, आणि मला म्हणाली, की आता तुमी रडा. ती सांगेल ते करायचे, असे तुम्ही लिहिले होते. केले. मग तीही रडली.

आईने तो नारळ उंबऱ्यावरच फोडला. विजू म्हणते, की खोबरं लई कडक हाय. गाडी अजून उपडीच आहे, सगळे ती ओलांडून ये-जा करतात.

तुमच्या मायेतला,
महिपती