ड्रॉवरला चार तारा

३ फेब्रुवारी, सोमवार

ड्रॉवर मिळाला. समोरच्या शिंपीणबाईंनी कपाट मोडीत काढलं, त्यातला. सागवानी, कोपरे अजून घट्ट. उलटा धरून टकटक केलं तर पोटातून बोलतो. ठरलं — बारक्यासाठी वाद्य करायचं.

महिन्याला चाळीस वॉशिंग मशिनं दुरुस्त करते मी. एक ड्रॉवर आणि चार तारा मला काय जड आहेत!

५ फेब्रुवारी

आईला सांगितलं. म्हणाली, "कशाला त्याच्या जखमेवर मीठ चोळतेस?"

डब्यांच्या कारखान्यात, प्रेसखाली, बारक्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली त्याला आठ महिने झाले. माझा धाकटा भाऊ. तोवर दर रविवारी मेंडोलिन घेऊन बसायचा. आता मेंडोलिन माळ्यावर आणि हात खिशात. घरातसुद्धा खिशात.

आईला समजावलं — यात बोटांनी तार दाबायचीच नाही. वाद्य मांडीवर आडवं ठेवायचं आणि तारांवरून स्टीलची नळी सरकवायची. त्याला तळहात पुरतो.

"आणि त्याने हातच लावला नाही तर?"

"लावेल."

"तुला काय माहीत?"

मला माहीत आहे.

९ फेब्रुवारी

वाद्याची मान तयार. जुन्या खिडकीच्या चौकटीची, रंधा मारून सरळ केली. ड्रॉवरच्या तोंडावर मोडक्या रेडिओची पाठ — पातळ प्लायवूड, छान घुमतं. तारांसाठी सायकलवाल्याने टाकलेल्या ब्रेकच्या वायरी उसवल्या. खुंट्यांऐवजी बोल्ट. पान्याने पिळायचे.

१० फेब्रुवारी

तार तुटली. गालाला चाटून गेली.

११ फेब्रुवारी

दुसरीही तुटली. मग लक्षात आलं — बोल्टची धारच तिला कापतेय. कानस मारून गोल केली. आता धरून आहे. चूक माझी, तारेची नाही.

१४ फेब्रुवारी

नळी भंगारातल्या एका मशिनच्या दांड्यावरची. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिच्यात बसवली, म्हणजे तळहाताला बांधता येते. करून बघायला हवंच होतं. माझीही दोन बोटं दुमडून चिकटपट्टीने बांधली. नळी मस्त सरकते.

चिकटपट्टी तशीच ठेवून भांडी घासली. एक कप फुटला. मग शर्ट वाळत घातला, तोही खाली पडला. आठ महिने हा बटणं कशी लावतोय, मी एकदाही विचारलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

वाद्य टेबलावर ठेवलं. बारक्या बघत उभा राहिला.

"हे कुणाचं?"

"माझं," म्हटलं. खोटं.

खोलीत गेला, दार लावून घेतलं. ठीक आहे. मीच बसले वाजवत. मशिनचा खडखडाट ऐकून बिघाड सांगेन मी, पण सुरातलं मला ओ की ठो कळत नाही.

१७ फेब्रुवारी

अर्धा तास वाजवलं. आई शेजारणीकडे जाऊन बसली.

१८ फेब्रुवारी

पाऊण तास.

१९ फेब्रुवारी

दाराआडून आवाज आला, "ताई, तिसरी तार उतरलीय."

"कुठली तिसरी?"

"वरून तिसरी."

"वर म्हणजे कुठे?"

दार उघडलं. माझ्या हातातून पाना काढून घेतला. पाना एका हाताने धरता येतो, पण वाद्य दाबून धरायला दुसरा लागतोच. त्याने खिशातून हात काढला. मी स्वयंपाकघरात सटकले. आई कांदा चिरता चिरता थांबली होती.

चारही तारा लागल्या. मग नळी सरकली.

"ही फार लांब आहे," आतून म्हणाला. "अर्धी काप."

कापते की!

२३ फेब्रुवारी, रविवार

आज दीड तास बसला होता. एक चाल अर्ध्यापर्यंत आली.

"हे मेंडोलिन नाहीये, ताई."

"नाहीच."

"पण चांगलंय."

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "शहाणी आहेस, माहीत आहे मला."

२६ फेब्रुवारी

बारक्या वाद्य काखेत मारून कारखान्यात गेला, जेवणाच्या सुट्टीत जुन्या मित्रांना दाखवायला. आपणहून! मी शीळ घालत तीन मशिनं उरकली.

परत आला तो जेवलाही नाही.

२७ फेब्रुवारी

सकाळी बोलला. "ताई, अजून एक कर. नळी उजव्या हाताला बांधता येईल असं."

त्याच्या जागी एक बाई लागली होती. तोच प्रेस. गेल्या आठवड्यात तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला जाळी असते, ती काम भराभर व्हावं म्हणून तारेने वर बांधून ठेवतात — त्याच्या वेळीही तशीच होती. हे तो आज पहिल्यांदा बोलला.

वाद्य करीन. पण आधी पाने पिशवीत भरलेत. बारक्या दारात चप्पल घालून उभा आहे. जाळी खाली घ्यायला निघालो आम्ही.